सहाची गाडी : लष्करी नाक्यावरच्या एका फरशी मिस्त्रीचं प्रकरण

फेब्रुवारी ते एप्रिल २०१८ असे तीन महिने मी परदेशी निरीक्षकांच्या एका गटाबरोबर पॅलेस्टाइनमध्ये, वेस्ट बँकेच्या दक्षिण भागात होते. एरवी मी पुण्यात समाजकार्य शिकवते. स्थलांतरित मजूर हा माझा विषय. आठवड्यातल्या चार पहाटे आमची पाळी इस्रायलच्या लष्करी नाक्यावर असे. किती माणसं पार झाली ते हातातल्या मोजणीयंत्रावर टिपायचं, कोणतं दार किती वाजता उघडलं ते वहीत लिहायचं, कुणाला परत पाठवलं तर कारण विचारायचं. त्या काळातलं एक प्रकरण मी दरवर्षी वर्गात घेते. तेच इथे सविस्तर मांडते आहे.

ज्यांची ही हकीगत आहे त्यांचं नाव, गाव आणि नाक्याचं नाव दिलेलं नाही. काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. मजकूर दुभाष्यामार्फत त्यांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. एवढी काळजी का घ्यावी लागते, हाही या प्रकरणाचाच भाग आहे.

पार्श्वभूमी

मिस्त्री हेब्रॉन शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावातले. वय तेव्हा ४६. काम फरशी आणि टाइल्स बसवण्याचं. बांधकामावर सगळे त्यांना 'मुअल्लिम' म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक, पण कसबी कारागिरालाही हाच शब्द. आपण 'मिस्त्री' म्हणतो तसा. कामाची जागा जेरुसलेममध्ये. घरापासून तिथपर्यंतचं अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा भरत नाही.

त्यांचे वडीलही याच धंद्यात होते आणि याच शहरात कामाला जात. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आली आणि १९७२ मध्ये तिथल्या रहिवाशांना इस्रायलमध्ये ये-जा करायची सरसकट मुभा मिळाली. मध्यरात्री १ ते पहाटे ५ या वेळात मात्र तिथे थांबायचं नाही, अशी अट होती. वडील पहाटे चहा घेऊन आपल्या जुन्या प्यूजो गाडीत निघायचे, सोबत चौघे गवंडी, आणि सातच्या आत कामावर हजर. शाळेच्या सुट्टीत मिस्त्रीही त्या गाडीत मागे दाटीवाटीने बसून गेले आहेत. वाटेत कुणी अडवल्याचं त्यांना आठवत नाही. ही सरसकट मुभा जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, काढून घेतली गेली. मार्च १९९३ नंतर बंदोबस्त कायमचा झाला आणि २००२ पासून भिंत उभी राहू लागली. तिची आखलेली लांबी सुमारे ७०० किलोमीटर, आणि त्यातला बराच मोठा भाग वेस्ट बँकेच्या आत शिरतो. असं बांधकाम बेकायदा असल्याचं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ मध्ये दिलं. भिंत तिथेच आहे.

आता पलीकडे कामाला जायचं तर 'तस्रीह' लागते, म्हणजे परवाना. २०१८ मध्ये त्यासाठी वय २२ च्या वर आणि लग्न झालेलं असावं लागे. सुरक्षा यंत्रणेची हरकत नको, ठसे नोंदवलेलं मॅग्नेटिक कार्ड हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परवाना मागणारा एक इस्रायली मालक हवा. परवाना त्या मालकाच्या नावाला बांधलेला असे. मुदत फार तर सहा महिने. मालकाने कळवलं की परवाना रद्द, मग माणूस घरी.

ज्या मालकांकडे परवान्यांचा कोटा होता त्यांच्याकडे तेवढं काम असेच असं नाही, आणि ज्यांच्याकडे काम होतं त्यांना कोटा मिळत नसे. या फटीत दलाल उभा राही. मिस्त्रींच्या परवान्यावर नाव एका कंत्राटदाराचं होतं आणि ते प्रत्यक्षात राबत होते दुसऱ्याकडे. परवान्यावरच्या मालकाला ते दोनदाच भेटले होते. दलालाला महिन्याला २,२०० शेकेल (इस्रायली चलन) रोख द्यावे लागत, काम मिळो न मिळो. हे एकट्यादुकट्याचं दुखणं नव्हतं. बँक ऑफ इस्रायलच्या अभ्यासानुसार २०१८ या एका वर्षात वीस हजारांहून जास्त पॅलेस्टिनी कामगारांनी परवान्यांसाठी दलालांना मिळून सुमारे ४८ कोटी शेकेल मोजले. ऊसतोडीवर काम करताना मी मुकादमाची उचल जवळून पाहिली आहे. आपला मुकादम आधी पैसे देऊन माणसाला बांधून घेतो. इथला दलाल माणसाकडूनच पैसे घेतो आणि तरी त्यालाच बांधून ठेवतो. हे समजायला मला पहिला महिना लागला.

एकदा चहाच्या टपरीवर बसून मिस्त्रींनी माझ्या वहीत हिशेब मांडला. रोज ३०० शेकेल, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६,६००. त्यातून दलालाचे २,२०० गेले. येण्याजाण्याचे रोजचे ३५ धरले तर ७७०. हातात उरले ३,६३०. गावात किंवा हेब्रॉनमध्ये त्याच कामाला १३० शेकेल रोज मिळाला असता, पण महिन्यातले पंधरा दिवससुद्धा काम लागेल याची खात्री नाही. त्या वर्षी वेस्ट बँकेतली सरासरी मजुरी इस्रायलमधल्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी होती. घरात पाच मुलं, थोरली मुलगी विद्यापीठात. हिशेब संपल्यावर त्यांनी ३,६३० या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पेन मला परत दिलं.

अडचण

पहाटे सव्वादोनला गावातून फोर्ड सुटायची. व्हॅन कुठल्याही कंपनीची असो, तिथे तिला फोर्डच म्हणतात. तीनच्या सुमाराला नाका. एका बाजूला आठ मीटर उंच काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी गज, वर पत्रा. मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढी वाट. कामगार या वाटांना 'हल्लाबात' म्हणतात, म्हणजे दूध काढायला जनावरं उभी करतात ती जागा. वाटेच्या टोकाला फिरतं लोखंडी दार. त्याचं नाव 'मआता', कोंबडीची पिसं उपटायचं यंत्र. मग धातुशोधक, पट्टा काढा, डबा पट्ट्यावर ठेवा, शेवटी काचेमागे सैनिक, कार्ड आणि तळहाताचा ठसा. दार चारच्या सुमाराला उघडे. एकेका दारावरचा दिवा हिरवा झाला की माणसं आत जात, लाल झाला की जो दारात असेल तो गजांमध्ये तसाच अडकून राही. दिवा लाल का झाला हे कुणी सांगत नसे.

पलीकडे कंत्राटदाराची गाडी सहाला सुटायची. सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलेल्याचा रोज बुडाला. म्हणून लोक तीनला येत, आणि तीनला येणाऱ्यांची गर्दी झाली म्हणून अडीचला येत. इस्रायलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे रविवारची पहाट सगळ्यात वाईट. पोरं गजांना धरून वर चढत आणि पत्र्याखालून, लोकांच्या डोक्यांवरून सरपटत पुढे जात. खाली उभे असलेले शिव्या देत, आणि हात वर करून त्यांना सावरतही.

मार्चमधल्या एका रविवारी पाऊस होता. आतून दिवा लाल झाला आणि बराच वेळ लालच राहिला. मागून लोक येतच होते. मिस्त्री फिरत्या दाराच्या अलीकडे, डाव्या अंगाला होते. मी गजांच्या बाहेर, त्यांच्यापासून चार हातांवर. त्यांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी गजांमधून बाहेर आली होती: कअकची भाकरी, दोन टोमॅटो, ट्यूनाचा डबा. मागून लोट आला तेव्हा त्यांनी पिशवी सोडून दोन्ही हातांनी गज धरले. त्यांचा चेहरा गजावर दाबला गेला, गालावर गजाचा वळ उमटलेला मला दिसत होता. आम्ही लष्कराच्या मदतक्रमांकावर फोन लावला. 'पाहतो' असं उत्तर मिळालं. दिवा हिरवा झाला, ते आत ढकलले गेले आणि दिसेनासे झाले. पिशवी माझ्या पायाशी पडली होती. ती मी टपरीवाल्याकडे ठेवली.

या वाटा जिवावरही बेततात. जानेवारी २०१४ मध्ये वेस्ट बँकेच्या उत्तरेकडच्या तुळकरमजवळच्या नाक्यावर पहाटेच्या गर्दीत चेंगरून एका वयस्कर कामगाराचा मृत्यू झाला होता. त्या पहाटे रांगेतले बरेच जण तीच आठवण काढत होते.

मिस्त्री त्या दिवशी कामावर गेले. परत का फिरला नाहीत, असं मी नंतर विचारलं, तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. मागे शेकडो माणसं दाटलेली असताना परत फिरणार कुठून? दुपारी टाइल्सच्या चिकटद्रव्याची पिशवी उचलवेना. मुकादमाला त्यांनी जिन्यावरून घसरलो असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हेब्रॉनमध्ये एक्स-रे काढला. डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना तडे. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायचं नाही असं बजावलं.

समोरचे पर्याय

पहिला आणि साधा पर्याय विश्रांतीचा. दलालाचे पैसे त्या काळातही द्यावेच लागणार. शिवाय ज्याच्याकडे ते खरोखर काम करत होते त्याने सहा आठवड्यांत दुसरा फरशीवाला आणला असता. आजारपणाच्या पगारासाठी मालकांकडून मजुरीच्या अडीच टक्के रक्कम सरकारी विभाग वर्षानुवर्षं गोळा करत होता, पण प्रत्यक्षात तो पगार फार थोड्या कामगारांच्या हाती पडे. मिस्त्रींना असा काही निधी आहे हे माहीतच नव्हतं. माझ्याकडूनच त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसरा पर्याय आमच्या गटाला सगळ्यात आवडलेला: तक्रार आणि भरपाई. परवानाधारक पॅलेस्टिनी कामगाराला कामावरच्या दुखापतीसाठी इस्रायलच्या राष्ट्रीय विम्याचं संरक्षण आहे. आम्ही कामगार हक्कांचं काम करणाऱ्या एका इस्रायली वकील बाईंशी बोललो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, पगाराच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव आहे? चिठ्ठी परवान्यावरच्या मालकाची होती आणि तिच्यात महिन्याचे फक्त दहा दिवस दाखवले होते. विम्याच्या अर्जावर मालकाची सही लागते. तो मालक म्हणणार, हा माणूस त्या दिवशी माझ्याकडे नव्हताच. ते खरंही होतं. मग परवाना कसा मिळाला याची चौकशी, आणि परवाना गेला. तो एकदा गेला की माणूस 'मम्नूअ' व्हायची भीती, म्हणजे सुरक्षेच्या कारणावरून बंदी घातलेल्यांच्या यादीत. ती बंदी उठवून घ्यायला महिनोन्महिने जातात. बाई म्हणाल्या, तक्रार करायची का ते त्यांनी ठरवावं, तुम्ही नाही.

तिसरा पर्याय बांधकामावरच मुक्काम करण्याचा. रविवारी पहाटे जायचं आणि गुरुवारी संध्याकाळी परतायचं. अर्धवट इमारतीत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या अंथरून झोपायचं. मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वी एक हिवाळा असा काढला होता. परवान्यात रात्रीच्या मुक्कामाची मुभा नव्हती. पोलिसांची धाड पडली की सगळं संपलं. बरगड्या मोडलेल्या असताना थंड काँक्रीटवर झोपणं वेगळंच.

चौथा, दक्षिणेकडे कुंपणाला पडलेल्या भगदाडातून जाणं. परवाना नसलेली तरुण पोरं तिथून जातात. मिस्त्रींनी हा विषय हाताने उडवून लावला. ज्याच्याकडे कागद आहे त्याने चोरासारखं का जावं, असं त्यांचं म्हणणं.

नाक्यावर एक 'मानवतावादी' दार असे, बायका, म्हातारी माणसं आणि आजारी यांच्यासाठी. डॉक्टरांचा कागद दाखवून तिथून जाता आलं असतं. पण ते दार सकाळी उशिरा उघडे आणि कधी उघडतच नसे. सहाची गाडी पकडायची तर त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्या नाक्यावरून फिरून जाण्यात भाडं वाढत होतं. मालक बदलायचा तर नवा परवाना, नवा दलाल, आणि मधले काही महिने बिनपगारी.

गावातच काम शोधायचा पर्याय बायकोने मांडला. तिने एकदाच सांगितलं आणि मग गप्प राहिली, असं मिस्त्री म्हणाले. थोरलीची परीक्षेची फी त्याच महिन्यात भरायची होती.

काय केलं

मिस्त्री अकरा दिवस घरी थांबले. बाराव्या दिवशी छातीला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधून ते पुन्हा रांगेत आले. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. त्यांच्याबरोबर फोर्डमधले सहा जण होते, त्यांतला एक पुतण्या. पुतण्या दीड वाजताच येऊन पुठ्ठा टाकून जागा धरे. मिस्त्री आले की बाकीचे त्यांच्याभोवती कडं करून उभे राहत, पाठीला पाठ लावून, कोपरं बाहेर काढून. फज्रची अजान झाली की ते सगळे आळीपाळीने त्याच पुठ्ठ्यावर नमाज पढत, पण कडं मोडत नसत. लोट आला तर तो त्या सहा जणांच्या अंगावर जाई. हा बंदोबस्त कुणी शिकवला नव्हता. गावाकडे मेंढरांच्या कळपात लंगडं जनावर मधे घेतात तसं, असं पुतण्या म्हणाला.

या अकरा दिवसांत आमच्या गटाने जे केलं त्यातली एक गोष्ट चुकीची होती आणि ती माझी होती. आठवड्याच्या अहवालाचा मसुदा मी लिहिला. नाव घातलं नाही, पण 'अमुक गावचे ४६ वर्षांचे फरशी मिस्त्री, पाच मुलं, मुलगी विद्यापीठात, परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याकडे' एवढं लिहिलं. मला ते निनावी वाटलं. आमच्या दुभाष्याने मसुदा वाचला आणि मिस्त्रींना सांगितला. दुसऱ्या पहाटे ते रांगेत जाण्याआधी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "उख्ती, आमच्या गावात फरशीचं काम करणारे तिघे आहेत. पाच मुलं एकालाच आहेत." उख्ती म्हणजे ताई. ते एवढंच बोलले आणि रांगेत गेले. मी त्या सकाळी मोजणी चुकले.

मसुदा आम्ही फाडला. नव्या अहवालात फक्त वेळा, दारं, लाल दिव्याची मिनिटं आणि एका कामगाराच्या बरगड्यांना इजा झाल्याची एक ओळ राहिली. तक्रार केली नाही.

खरा फरक पडला तो वेगळ्याच बाजूने. मिस्त्री ज्याच्याकडे काम करत होते त्या कंत्राटदाराच्या मुकादमाला दुखापतीची कुणकुण लागली. तो उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीकडचा, अरबी बोलणारा इस्रायली नागरिक. एका दुपारी त्याने विचारलं, जिन्यावरून पडलास की मह्सोमवर? नाक्याला तिथे सगळेच हिब्रूतला मह्सोम शब्द वापरतात. मिस्त्रींनी खरं सांगितलं, आणि धीर करून मागणीही केली: गाडी सहाऐवजी साडेसहाला सोड, आम्ही संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबू. मुकादम मालकाशी बोलला. मालकाला रस्त्यावरची रहदारी वाढेल याची काळजी होती, पण पुढच्या आठवड्यापासून गाडी सव्वासहाला आणि मग साडेसहाला सुटू लागली. त्या गाडीत नऊ माणसं होती. त्या नऊ जणांना पहिल्या लोटात शिरायची गरज उरली नाही. ते पाचच्या पुढे, गर्दी थोडी सैल झाल्यावर आत जाऊ लागले.

आम्ही सहा आठवडे लष्कराला फोन करत होतो, दारं मोजत होतो, पत्रं लिहीत होतो. गाडी किती वाजता सुटते आणि ती उशिरा सुटेल का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

पुढे काय झालं

मेपर्यंत बरगड्या भरून आल्या, पण थंडीत आणि डाव्या कुशीवर झोपल्यावर दुखणं राहिलं. साडेसहाची गाडी वर्षअखेरपर्यंत चालली. मग ते बांधकाम संपलं आणि नव्या जागी पुन्हा सहा.

२०१९ मध्ये कलंदिया आणि बेथलेहेमजवळच्या ३०० क्रमांकाच्या नाक्यावर कार्ड टेकवून चेहरा ओळखणारी स्वयंचलित दारं बसली. आमच्या नाक्यावरही तसंच झालं. तास-दीड तासाची रांग बहुतेक दिवशी काही मिनिटांवर आली. मिस्त्री दोनऐवजी साडेतीनला उठू लागले. या बदलाला मी कमी लेखणार नाही. रोजची दीड तास झोप म्हणजे त्या वयाच्या माणसाला फार मोठी गोष्ट आहे, आणि चेंगरणं थांबलं. दलालाचे पैसे मात्र तेवढेच राहिले, पुढे वाढलेही. रांग लहान झाल्यावर त्याच परवान्याची किंमत बाजारात चढली, असं मिस्त्रींचं निरीक्षण होतं.

मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा परवानाधारकांना पलीकडेच मुक्काम करायला सांगितलं गेलं. ज्या मुक्कामासाठी आधी परवाना जात असे तोच आता सक्तीचा झाला. मिस्त्री सात आठवडे एका तळघरात अकरा जणांबरोबर राहिले. डिसेंबर २०२० मध्ये बांधकाम क्षेत्रात परवाना एका मालकाला बांधून ठेवण्याची पद्धत बदलली. कागदावर कामगाराला मालक बदलता येऊ लागला. मिस्त्रींनी प्रयत्न केला. नवा मालक शोधून द्यायला पुन्हा दलालच पुढे आला.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर परवाने स्थगित झाले. इस्रायलमध्ये आणि वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींत काम करणाऱ्या वेस्ट बँकेतल्या दीड लाखाहून जास्त माणसांचं काम, थोडे अपवाद सोडता, एका आठवड्यात बंद पडलं. मिस्त्री तेव्हापासून गावात आहेत. दोन घरांच्या फरशा बसवल्या. एकाचे पैसे हप्त्याने येताहेत, दुसऱ्याचे आलेले नाहीत. थोरलीने पदवी पूर्ण केली होती. दुसऱ्या मुलाने शिक्षण थांबवलं. पुतण्या भिंतीवरून उडी मारून गेला, पाय मोडून घेतला आणि परत आला.

काय वेगळं करता आलं असतं

मिस्त्रींच्या बाजूने पाहिलं तर मला एकच जागा दिसते: पगाराच्या चिठ्ठ्या. त्या त्यांनी कधी जपून ठेवल्या नव्हत्या आणि त्यात काय लिहिलंय हे कुणाकडून वाचून घेतलं नव्हतं. हिब्रू त्यांना बोलता येते, वाचता येत नाही. दहा दिवसांची खोटी नोंद आधीच कळली असती तर दलालाशी घासाघीस करायला हातात काही तरी असतं. याहून जास्त त्यांनी करायला हवं होतं असं म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही. बाराव्या दिवशी उठून जाणं वैद्यकीयदृष्ट्या चूक होतं. वर्गात मुलं नेहमी तिथे अडतात. मग मी फळ्यावर ३,६३० चा हिशेब मांडते आणि त्यात सहा आठवडे कुठून काढायचे ते त्यांनाच विचारते.

आमच्या बाजूने बरंच काही. वकील बाईंशी बोलणं दुखापतीनंतर झालं. ते आम्ही पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं, म्हणजे कोणत्या माणसाला तक्रार परवडते आणि कोणाला नाही हे आधी कळलं असतं. मसुदा संबंधित माणसाला वाचून दाखवल्याशिवाय कुठेही जाऊ द्यायचा नाही, हा नियम आम्ही नंतर केला. आणि नाक्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे कंत्राटदारांच्या गाड्या उभ्या असतात, तिथे तीन महिन्यांत आमच्यापैकी कुणीही एकदासुद्धा उभं राहिलं नाही. आमच्या सगळ्या वह्या रांगेच्या अलीकडच्या होत्या.

मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२,००० भारतीय कामगार पाठवण्याबाबत करार झाला होता, त्यात ३४,००० बांधकामासाठी. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला चाचण्या झाल्या, सप्टेंबरमध्ये पुण्यातही. चार कामांसाठी माणसं हवी होती: शटरिंग, सळई वाकवणं, प्लास्टर आणि फरशी-टाइल्स. माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ टाइल्सचं काम करतो. चाचणीला जावं का, तिथे कसं असतं, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. मी त्याला लगेच काही सांगितलं नाही. रात्री दुभाष्यामार्फत मिस्त्रींना निरोप पाठवला, सगळं खरं लिहून: ज्या जागा तुमच्या होत्या त्यांवर आमच्याकडची मुलं जायला निघाली आहेत, मी त्याला काय सांगू?

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आवाजात निरोप आला. त्याला सांग, परवान्यावर ज्याचं नाव असेल त्याच्याकडेच काम कर, दुसऱ्याकडे एक दिवससुद्धा जाऊ नको. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला कुणाकडून तरी वाचून घे, तिचा फोटो काढून घरी पाठव. आणि गुडघ्याला बांधायची गादी इथूनच घेऊन जा, तिकडे महाग मिळते.